पाटीवरचे न्यूमन कोण?

आपल्या मंडळाची कोजागिरी आणि मुलांचे मराठीचे वर्ग ज्या हॉलमध्ये होतात, त्या इमारतीच्या दारावर ‘न्यूमन सेंटर’ अशी पाटी आहे. भाडे परवडणारे, पार्किंग भरपूर आणि स्वयंपाकघर ऐसपैस, या तीन गुणांवर आपण तो हॉल पसंत केला. पाटीवरचे हे न्यूमन कोण, याची चौकशी करायला मात्र आजवर कोणाला सवड झाली नाही. अमेरिकेतल्या कितीतरी सरकारी विद्यापीठांच्या आवाराला लागून याच नावाची एखादी इमारत असते. विद्यापीठाचा तिच्यावर अधिकार नसतो. ती कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या चर्चने चालवलेली असते. तिथे मिस्सा होते, पुस्तकांची कपाटे असतात, जुने सोफे असतात आणि परीक्षेच्या दिवसांत बहुधा काहीतरी गरम खायलाही मिळते.

हा विषय आताच काढण्याचे कारण असे, की येत्या ऑगस्टमध्ये आपल्या सभासदांपैकी बऱ्याच घरांतली मुले कॉलेजला निघतील. त्यांत वसईकडची कुटुंबेही आहेत. कॅथलिक म्हटले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे वांद्र्याचा इंग्रजी बोलणारा माणूस येतो. पण वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होते, आणि ‘सुवार्ता’चे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, याची इथे नुसती आठवण देतो. तर या घरांतून आमच्याकडे प्रश्न आला, की ज्या विद्यापीठात धर्माचे नावही निघत नाही तिथे आमचा मुलगा कॅथलिक राहील का? ज्यांच्या घरी देव्हारा आहे तेही हेच विचारतात, फक्त शब्द वेगळे असतात. आम्ही काही धर्माचे जाणकार नव्हे. पण हाच प्रश्न या देशात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाला पडला होता, आणि त्यांनी त्यावर काय काय करून पाहिले हे वाचण्याजोगे आहे.

तो समाज म्हणजे आयर्लंड आणि जर्मनीतून आलेले कॅथलिक. आज या देशात त्यांना कोणी परके समजत नाही, म्हणून तेव्हाची परिस्थिती मुद्दाम सांगावी लागते. १८४४ साली फिलाडेल्फियात दंगली झाल्या. सरकारी शाळेत कॅथलिक मुलांनी कोणते बायबल वाचावे, या वादातून त्या पेटल्या आणि त्यांत सेंट ऑगस्टीनचे चर्च जाळले गेले. सरकारी शाळा कागदोपत्री कोणत्याच पंथाची नसे. प्रत्यक्षात सकाळी वर्गात किंग जेम्स बायबल वाचले जाई, जे प्रॉटेस्टंटांचे भाषांतर. विस्कॉन्सिन राज्यातल्या एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि १८९० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे वाचन घटनाबाह्य ठरवले. शाळेत धर्म नको, हा निकाल मिळवणारे आईबाप देवभोळे कॅथलिक होते, ही गोष्ट आजच्या वादावादीत कोणी सांगत नाही.

बिशप मंडळींचे धोरण मात्र सरळ होते. मुले आपल्याच शाळेत गेली पाहिजेत. १८८४ साली बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली आणि प्रत्येक धर्मग्रामाने दोन वर्षांच्या आत शाळा काढावी असे तिथे ठरले. कॉलेजेही होती. जॉर्जटाउन १७८९ चे, नोत्र दाम १८४२ चे. पण १८६२ सालच्या मॉरिल कायद्यानंतर राज्यांना केंद्राकडून जमिनी मिळाल्या आणि त्या पैशावर शेती, इंजिनिअरिंग शिकवणारी सरकारी विद्यापीठे उभी राहिली. ती स्वस्त होती आणि आपल्या राज्यातच होती. आयरिश शेतकऱ्याच्या किंवा रेल्वेवरच्या कामगाराच्या हुशार मुलाला तिथे जाऊ नको म्हणणे व्यासपीठावरून सोपे होते. घरात बसून हिशेब करणाऱ्या बापाला ते तितके सोपे नव्हते. तेव्हा मुले जातच राहिली.

आता १८८३ सालच्या नोव्हेंबरात येऊ. मॅडिसन गावी विस्कॉन्सिनचे सरकारी विद्यापीठ आहे. त्या गावातल्या मेल्विन नावाच्या कॅथलिक कुटुंबाने थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला विद्यापीठातल्या काही कॅथलिक मुलांना बोलावले. घर लांब असलेल्या मुलांचा हा दिवस कसा जातो, हे आपल्यापैकी जे इथे विद्यार्थी म्हणून आले त्यांना सांगायला नको. वसतिगृह ओस पडते, दुकाने बंद असतात, आणि ज्याला कोणी बोलावले नाही तो कॅनमधले सूप गरम करून पितो. तर मेल्विन यांच्या घरी जेवता जेवता एका मुलाने वर्गातली हकिगत सांगितली. मध्ययुगातल्या चर्चविषयी इतिहासाच्या तासाला जे सांगितले गेले ते त्याला पटले नव्हते आणि त्यावरून त्याची प्राध्यापकांशी चकमक झाली होती.

या प्राध्यापकांना खलनायक करण्याची आमची इच्छा नाही. तेव्हाची इंग्रजीतली इतिहासाची पुस्तके बहुतेक प्रॉटेस्टंट लेखकांची होती आणि त्यांत मध्ययुग म्हणजे अंधार असे ठरूनच गेलेले होते. आपल्याकडेही साहेबांनी लिहिलेल्या इतिहासात मराठे म्हणजे लुटारू असत, आणि राजवाडे, सरदेसाई दप्तरे उलगडायला बसेपर्यंत त्याला पुराव्यानिशी उत्तर देणारे थोडे होते. राग येणे निराळे आणि उत्तर देता येणे निराळे. मेल्विन यांच्या टेबलाभोवती बसलेल्या मुलांची अडचण आमच्या मते हीच होती. घरून श्रद्धा आणली होती, पण तिचा अभ्यास आणला नव्हता. त्याच घरात असे ठरले, की आपण नियमाने जमायचे, आपल्या चर्चचा इतिहास आपण वाचायचा आणि त्यावर बोलायचे. यजमानांच्या नावावरून मंडळाचे नाव पडले मेल्विन क्लब. सरकारी विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या चळवळीचा उगम इथे धरला जातो. तो ना बिशपांच्या आज्ञेने झाला, ना विद्यापीठाच्या परवानगीने. एका घरच्या जेवणातून झाला.

योगायोग असा, की त्याच हंगामात आपल्याकडची एक अठरा वर्षांची मुलगी या देशात पहिल्या वर्षाचा अभ्यास करत होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्या शरदात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, भर सभेत त्यांनी सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हे बोलणे सोपे नव्हते. तिकडे जाऊन ही बाटणार, असे म्हणणारे चहूकडे होते. इकडे कॉलेजच्या डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या (आमच्याच विषयाच्या, म्हणून आम्हांला त्यांचे विशेष कौतुक). त्यांनी आनंदीबाईंना आधार दिला, आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी तर त्यांना घरच्या मुलीसारखे वागवले. शाकाहार, साडी, कुंकू सांभाळून आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याला त्यांचा अंत झाला.

त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाईंनी सप्टेंबर १८८३ मध्ये, म्हणजे आनंदीबाई कॉलेजात रुळत होत्या त्याच सुमारास, इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला होता. दोघी नात्यातल्या, दोघी परमुलखात, आणि दोघींचे निर्णय दोन टोकांचे. दोघींच्या मैत्रीत मात्र त्याने खंड पडला नाही. परदेशी शिक्षणाने धर्म जातो म्हणणाऱ्याला रमाबाई दाखवता येतात आणि जात नाही म्हणणाऱ्याला आनंदीबाई. त्यामुळे एका उदाहरणावरून नियम काढू नये, हे प्रयोगशाळेतले शहाणपण इथेही लागू पडते. आनंदीबाईंच्या बाजूने एवढेच म्हणता येईल, की त्यांच्या श्रद्धेला हसणार नाही असे एक घर त्यांना मिळाले होते. त्यांच्या बरोबरीचे, त्यांच्या धर्माचे, त्यांच्या भाषेत बोलणारे कोणी मात्र तिथे नव्हते. मॅडिसनच्या मुलांपाशी ते होते.

दहा वर्षांनी हाच धागा फिलाडेल्फियात येतो. मेल्विन क्लबमधला टिमथी हॅरिंग्टन हा विद्यार्थी पुढे डॉक्टरी शिकायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आला आणि १८९३ साली त्याने तिथल्या कॅथलिक विद्यार्थ्यांना जमवून तसेच मंडळ काढले. ज्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी बायबलवरून चर्च जळले होते, त्याच शहरात. मंडळाला नाव काय द्यायचे? तीन वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, इंग्लंडात एक वृद्ध कार्डिनल वारले होते. त्यांचे नाव जॉन हेन्री न्यूमन. न्यूमन क्लब हे नाव इतके लागू पडले, की पुढे गावोगावच्या विद्यापीठांत तेच घेतले गेले.

न्यूमन कधी अमेरिकेत आले नाहीत. मग त्यांचे नाव का, यासाठी इंग्लंडातली हकिगत थोडी सांगितली पाहिजे, कारण मुलांना विद्यापीठापासून लांब ठेवण्याचा प्रयोग सर्वांत कसोशीने तिथे झाला.

न्यूमन यांचा जन्म १८०१ चा. ऑक्सफर्डला ट्रिनिटी कॉलेजात शिकले, ओरिएल कॉलेजाचे फेलो झाले, विद्यापीठाच्या सेंट मेरी चर्चमधली त्यांची प्रवचने ऐकायला विद्यार्थी गर्दी करत. ऑक्सफर्ड तेव्हा अँग्लिकन पंथाचे होते. त्या पंथाच्या ३९ कलमांवर सही केल्याशिवाय तिथे प्रवेशच मिळत नसे. १८४५ साली न्यूमन कॅथलिक झाले. त्याची किंमत म्हणजे फेलोशिप गेली, मित्र गेले, आणि १८४६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऑक्सफर्ड सोडले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना ते गाव दिसले ते आगगाडीच्या खिडकीतून, मनोऱ्यांपुरते. तिथे पुन्हा त्यांचे पाऊल पडले ते ३२ वर्षांनी, १८७८ साली, ट्रिनिटीने त्यांना मानद फेलो केले तेव्हा.

मधल्या काळात कायदा बदलला. १८५४ मध्ये प्रवेशाच्या वेळची सही गेली, १८७१ च्या कायद्याने पदव्या आणि फेलोशिपाही बहुतेक सर्वांना खुल्या झाल्या. म्हणजे ऑक्सफर्ड, केंब्रिजचे दार कॅथलिकांना उघडले. आणि गंमत पाहा, दार उघडल्यावर ते आतून लावले कॅथलिक पुढाऱ्यांनीच. या पुढाऱ्यांतले मुख्य म्हणजे आर्चबिशप मॅनिंग. हेही न्यूमनसारखेच ऑक्सफर्डचे पदवीधर आणि अँग्लिकन पंथ सोडून आलेले. त्यांचे म्हणणे असे, की या विद्यापीठांत आता अँग्लिकन श्रद्धाही उरलेली नाही, नुसता संशय उरला आहे, आणि कोवळ्या मुलांना त्यात ढकलणे हे पाप. १८६७ साली रोमहून पत्र आले, त्यात मुलांना तिथे पाठवणाऱ्या पालकांना फार कडक शब्दांत ताकीद होती.

न्यूमन यांचा विचार वेगळा होता. कॅथलिकांचे स्वतःचे विद्यापीठ असावे हे त्यांना मान्यच होते. डब्लिनला तसे विद्यापीठ काढण्यासाठी त्यांनी १८५० च्या दशकातली उमेदीची वर्षे खर्ची घातली, आणि विद्यापीठ म्हणजे काय यावरची त्यांची व्याख्याने अजून वाचली जातात. पण जिथे असे विद्यापीठ नाही तिथे मुलगा कधीतरी जगात जाणारच, आणि त्या दिवशी त्याची तयारी काय, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून १८६४ साली त्यांनी ऑक्सफर्डमध्ये जागा विकत घेतली. तिथे आपल्या धर्मबंधूंचे एक केंद्र काढावे, म्हणजे येणाऱ्या मुलांना आधार होईल. विरोध झाला, जागा विकावी लागली. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा न्यूमन यांनी स्वतः तिथे राहायला जाऊ नये अशी गुप्त सूचना रोमहून आली. गुप्त गोष्ट वर्तमानपत्रातून फुटली, म्हणून त्यांना ती कळली! पासष्टी उलटलेल्या माणसाला ही वागणूक. त्यांनी मुकाट्याने विषय सोडला.

मॅनिंग यांनी पर्याय म्हणून १८७४ साली लंडनमध्ये केन्सिंग्टन इथे कॅथलिक कॉलेज काढले. विद्यार्थी थोडे, पैसे त्याहून थोडे, काही वर्षांतच ते बंद पडले. इकडे ऑक्सफर्डला बंदी असूनही काही कॅथलिक मुले होतीच, आणि १८७८ साली त्यांनी आपला क्लबही काढला. शेवटी मॅनिंग यांच्या मृत्यूनंतर, १८९५ साली, बंदी उठली. अट एवढीच, की विद्यार्थ्यांसाठी तिथे धर्मगुरू नेमावा आणि धर्मावर व्याख्याने व्हावीत. म्हणजे तीस वर्षांपूर्वी न्यूमन जे करू पाहत होते, जवळपास तेच. तोवर ते हयात नव्हते.

आयर्लंडात याहून उशीर झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जायला कॅथलिक मुलामुलींना आर्चबिशपांची परवानगी लागे, आणि ही बंदी उठली १९७० साली. माणूस चंद्रावर जाऊन आला होता.

मॅनिंग यांना आम्ही हट्टी म्हणावे असा मोह होतो, पण त्यांची भीती खोटी नव्हती. एकोणिसाव्या शतकात विद्यापीठांतून श्रद्धा गमावून बाहेर पडलेले तरुण खरोखरच होते. चूक आमच्या मते उपायात होती. बंदीमुळे मुले विद्यापीठाबाहेर राहिली असे झाले नाही. जी गेली ती चोरट्यासारखी, कोणाच्या आधाराशिवाय गेली. आणि जी गेली नाहीत त्यांची कॅथलिक समाजाला पुढे उणीव भासली, कारण वकील, प्राध्यापक, मंत्री त्या दोन विद्यापीठांतूनच येत.

आपल्याकडचे चित्र नेमके उलटे होते, हे जाता जाता सांगायला हवे. जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज काढले. तिथे हिंदू, पारशी, मुसलमान मुले दाटीवाटीने शिकली. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील तिथले आहेत हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत हात वर करायला सांगितले तर कळेल. सकाळी घरी देवपूजा करून ती मुले क्रुसाखालच्या वर्गात बसत आणि संध्याकाळी पुन्हा आरतीला उभी राहत. परक्या धर्माच्या कॉलेजात आपला धर्म सांभाळणे ही गोष्ट मराठी घरांना नवी नाही. फक्त तेव्हा मूल रात्री घरी येत असे. इथे ते थेट थँक्सगिव्हिंगला येते, हा फरक फार मोठा.

अमेरिकेत न्यूमन क्लब निघाले तरी बिशपांचा संशय लगेच गेला नाही. क्लबला मदत करावी तर सरकारी विद्यापीठात जायला आपणच उत्तेजन दिल्यासारखे होते, अशी त्यांची अडचण. कॅथलिक कॉलेजांनाही हे आवडत नसे, कारण त्यांचे विद्यार्थी घटत. १९०५ साली पोप दहावे पायस यांनी एका पत्रात, जिथे धर्मशिक्षण नाही अशा विद्यापीठांच्या गावी धर्माचे वर्ग काढावेत असे सांगितले, तेव्हा जरा वारे फिरले. १९०६ मध्ये मॅडिसनलाच विद्यार्थ्यांसाठी फादर हेन्री हेंगेल यांची नेमणूक झाली आणि थोड्याच वर्षांत तिथे सेंट पॉल हे चॅपल उभे राहिले. पेनसिल्व्हेनियात १९१३ पासून फादर जॉन कीओ होते. त्यांनी गावोगावचे क्लब जोडण्यासाठी खटपट केली, आणि १९१५ मध्ये क्लबांचा संघ निघाला.

सर्वांत रंगतदार हकिगत इलिनॉय विद्यापीठाची. फादर जॉन ओब्रायन १९१७ साली तिथे आले. त्यांनी विद्यापीठापुढे मांडले, की धर्माचा अभ्यास हा अभ्यासच आहे. आमच्या इमारतीत, आमच्या खर्चाने, विद्यापीठाच्या दर्जाचे वर्ग आम्ही घेतो, तुम्ही त्याचे क्रेडिट द्या. सरकारी विद्यापीठाने ते मान्य केले! आम्ही रसायनशास्त्राचे असल्यामुळे आम्हांला यातला मुद्दा लगेच पटतो. मुलगा दुसऱ्या वर्षाला क्वांटम मेकॅनिक्स शिकतो आणि त्याचे धर्माचे ज्ञान मात्र आठव्या इयत्तेत थांबलेले असते. मग दोहोंची गाठ पडली की आठवीतले ज्ञान हरते. त्यात धर्माचा दोष किती आणि इयत्तेचा किती, हे तपासायला तो थांबत नाही. ओब्रायन यांनी इयत्ता वाढवली. यावरही १९२० च्या दशकात कॅथलिक वर्तुळातूनच त्यांच्यावर टीकेची झोड उठली, की हे कॅथलिक कॉलेजांच्या मुळावर येणार. ते दबले नाहीत. पुढेही बरीच वर्षे तिथेच राहिले.

त्या शँपेन-अर्बाना गावाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १९१३ मध्ये मेथडिस्ट विद्यार्थ्यांचे पहिले वेस्ली फाउंडेशन तिथेच निघाले. १९२३ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे पहिले हिलेल तिथेच. १९६३ च्या जानेवारीत मुस्लिम विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटनाही तिथेच स्थापन झाली. मक्याच्या शेतांमधले ते एक गाव. सरकारी विद्यापीठ कोणाचाच धर्म शिकवत नाही, म्हणून प्रत्येकाला आपली सोय आपण करावी लागली, आणि शेजाऱ्याने केलेली सोय पाहून ती कशी करावी हेही कळले असावे. आपल्या समाजाची मुले मोठी झाली तसे १९९० मध्ये हिंदू स्टुडंट्स काउन्सिल निघाले. ती वाट या आयरिश मुलांनी शंभर वर्षे आधी तुडवलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांना सरकारने शिक्षणाचा खर्च दिला, तेव्हा कॅथलिक मुले सरकारी विद्यापीठांत लोटली आणि जुना वाद निकालात निघाला. १९६० मध्ये निवडून आलेले पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष केनेडी हार्वर्डचे पदवीधर होते. १९६२ साली बिशपांनी न्यूमन चळवळ चर्चचे अधिकृत कार्य म्हणून आपल्या हाती घेतली. न्यूमन यांना स्वतःला २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्यांना चर्चचे आचार्य हा मान दिला. असा मान चर्चच्या दोन हजार वर्षांत चाळीसहून कमी जणांना मिळाला आहे. गुप्त सूचना पाठवून ज्यांना ऑक्सफर्डबाहेर ठेवले ते हेच गृहस्थ.

एवढे सगळे करून मुलांची श्रद्धा टिकली का? काहींची टिकली, काहींची नाही. विद्यापीठातल्या एकूण कॅथलिक मुलांपैकी क्लबमध्ये येणारे नेहमीच थोडे. हे क्लब म्हणजे नुसते नाच आणि सहली, धर्म तोंडी लावण्यापुरता, अशी टीका त्या काळी बरीच झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. आपल्या मंडळावर होणारी टीका यापेक्षा फार वेगळी नसते: बटाटेवडे खायला येतात, व्याख्यानाला थांबत नाहीत. आम्हांला त्यात एवढे वाईट दिसत नाही. मेल्विन यांच्या घरी ती मुले व्याख्यान ऐकायला गेली नव्हती. टर्की खायला गेली होती. बोलणे जेवणातून निघाले. जे क्लब केवळ सहलीपुरते राहिले ते विरले, आणि ज्यांना हेंगेल, ओब्रायन यांच्यासारखा शिकलेला, मुलांच्या प्रश्नांना न भिणारा माणूस मिळाला ते टिकले.

वसईकडच्या ज्या घरांनी विचारले त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. विद्यापीठ पाहायला जाल तेव्हा न्यूमन सेंटरमध्ये मुलासह एकदा डोकावून या. तिथल्या फादरांना भेटा, आणि इथे धर्मावरचे वर्ग चालतात का, की फक्त पिझ्झा असतो, हे सरळ विचारा. त्यांना राग येत नाही. रविवारची मिस्सा बऱ्याच ठिकाणी रात्री उशिराही असते, कारण विद्यार्थी सकाळी उठत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा रविवारी सकाळी दहाला फोन करून ‘मिस्सेला गेलास का’ असे विचारू नये. आणि ज्यांची घरे विद्यापीठाच्या आसपास आहेत अशा सभासदांनी, धर्म कोणताही असो, येत्या थँक्सगिव्हिंगला किती मुलांना जेवायला बोलावता येईल ते ऑक्टोबरअखेर मंडळाच्या चिटणीसांना कळवावे. यादी करण्याचे काम आम्ही घेतले आहे.